वर्दीतला माणूस कोणाचा?

बीड जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी नवे पोलीस निरीक्षक रुजू झाले की चहाच्या टपरीवर, मोंढ्यात आणि तहसीलच्या आवारात पहिला प्रश्न एकच विचारला जातो – ‘हे साहेब कोणाचे?’ त्यांनी आजवर किती गुन्हे उघडकीस आणले, त्यांनी पाठवलेली किती दोषारोपपत्रे न्यायालयात टिकली, याची चौकशी कोणी करीत नाही. कोणाच्या शिफारशीने आले, कोणत्या समाजाचे, गावात पाऊल ठेवल्यावर पहिला नमस्कार कोणत्या बंगल्यावर झाला, हे मात्र संध्याकाळपर्यंत सर्वतोमुखी होते. असे विचारणारे सारेच काही गुंड नसतात. त्यांत शिक्षक असतात, व्यापारी असतात, तुमच्या-आमच्यासारखी पापभीरू माणसे असतात. या प्रश्नाचे आपल्याला काहीच वाटेनासे झाले आहे, हे त्यातले खरे दुर्दैव.

हा प्रश्न नव्याने टोचला, त्याला निमित्त एका चित्रपटाचे झाले. एका रविवारी दुपारी अंबाजोगाईत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सेवानिवृत्त जमादारांच्या घरी ‘डिपार्टमेंट’ हा हिंदी चित्रपट पाहण्याचा योग आला. जमादारांचा नातू पोलीस भरतीच्या तयारीस लागला आहे. पहाटे उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर सोळाशे मीटर धावण्याचा सराव, मग गोळाफेक, दुपारी लेखी परीक्षेचा अभ्यास, असा त्याचा नेम आहे. चित्रपट लावण्याचा आग्रह त्याचाच होता. पोलिसांवरचा चित्रपट आहे म्हटल्यावर आजोबाही सरसावून बसले.

राम गोपाल वर्मा यांचा हा चित्रपट १८ मे २०१२ रोजी प्रदर्शित झाला आणि समीक्षक व प्रेक्षक या दोहोंनी त्याला तेव्हाच नाकारले. पडलेल्या चित्रपटाविषयी इतक्या वर्षांनी लिहावे काय, असे वाचकांस वाटेल. परंतु काही अपयशे यशापेक्षा बोधप्रद असतात. हा चित्रपट आपल्या प्रश्नाच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि आत पाऊल न टाकताच माघारी फिरला. तो का फिरला, हे पाहिले तर चित्रपटसृष्टीविषयी थोडे आणि आपल्या समाजाविषयी पुष्कळ कळते.

हाती आलेला विषय निसटला

वर्मा यांना या विषयाची जाण नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. ‘सत्या’ (१९९८), ‘कंपनी’ (२००२) आणि ‘सरकार’ (२००५) या चित्रपटांतून त्यांनी मुंबईच्या गुन्हेगारी जगताचे चित्रण करण्याची एक स्वतंत्र रीत निर्माण केली. त्यांच्याच निर्मितीसंस्थेतून शिमित अमीन यांनी दिग्दर्शित केलेला ‘अब तक छप्पन’ (२००४) आला. त्यात नाना पाटेकर यांनी उभा केलेला साधू आगाशे हा चकमकफेम अधिकारी अनेकांना आठवत असेल. वरचा आयुक्त बदलताच कालचा शूर अधिकारी आज अडचणीचा कसा ठरतो, हे त्या चित्रपटाने संयमाने दाखवले होते.

‘डिपार्टमेंट’चा विषय त्याहून मोठा होऊ शकला असता. महादेव भोसले (संजय दत्त) हा ज्येष्ठ अधिकारी गुंडांचा नायनाट करण्यासाठी एक खास पथक उभारतो आणि शिवनारायण (राणा दग्गुबाती) या तरुण अधिकाऱ्याला त्यात घेतो. पुढे शिवनारायण हा सर्जेराव गायकवाड (अमिताभ बच्चन) या गुंडाचा पुढारी झालेल्या माणसाच्या जवळ जातो, तर ज्याला गुरू मानले तो भोसलेच एका टोळीच्या म्होरक्यासाठी काम करीत असल्याचे उघड होते. म्हणजे एक अधिकारी गुंडाचा आणि दुसरा पुढाऱ्याचा. दोघांच्या अंगावर वर्दी एकच, पगार एकाच तिजोरीतला, शपथही एकच. मग हे दोघे नेमके कोणाचे? आमच्या मोंढ्यातला प्रश्न इथे पडद्यावर साक्षात उभा आहे.

पण दिग्दर्शकाला या प्रश्नात रस नाही. त्याला रस आहे तो कॅमेऱ्याच्या करामतींत. हा चित्रपट हातात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांनी चित्रित झाला. त्यामुळे दृश्य कधी टेबलाखालून दिसते, कधी पायांच्या मधून, कधी चहाच्या पेल्यामागून. दोन माणसे साधे बोलत असली तरी कॅमेरा त्यांच्याभोवती पिसाटासारखा फिरत राहतो. एखादा अधिकारी आपला आत्मा विकतो तो क्षण खरे तर शांत असतो. एक दूरध्वनी येतो, एक ओळ लिहायची राहून जाते आणि सारे संपते. हा शांत क्षण टिपण्यासाठी कॅमेऱ्याला स्थिर राहावे लागते. इथे कॅमेरा स्थिर राहत नाही आणि लेखणीही राहत नाही. गोळीबार, त्यावर पुन्हा गोळीबार आणि मध्ये पदरात टाकलेले एक उत्तान नाचगाणे, एवढ्यावर सारा मामला आटोपतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या शिवनारायणला आडनाव नाही, गाव नाही, भाऊबंद नाहीत, जात नाही. हिंदी चित्रपटाच्या नायकाला ती सोय असते. आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसाला ती नाही, आणि त्याची अर्धी व्यथा तिथेच आहे.

पंचनामा लिहायला कोणी बसले नाही

चित्रपट संपल्यावर जमादार काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गुरुजी, एवढी माणसं मारली, पण पंचनामा लिहायला कुणी बसलंच नाही की! आमच्याकडं एक काडतूस कमी भरलं तरी रात्रभर हिशेब द्यावा लागतो.”

नातवाने विचारले, “आबा, तुम्ही नोकरीत कधी गोळी झाडली का?”

“सरावाला झाडली. बाकी सगळी नोकरी पेन झिजवण्यात गेली,” आबांनी सांगितले. मुलगा किंचित हिरमुसला. मला मात्र वाटले, त्या तासाभरातले सर्वांत अर्थपूर्ण वाक्य हेच होते.

पोलीस ठाणे चालते ते लेखणीवर. स्टेशन डायरीतील नोंद, फिर्यादीची पहिली खबर, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जप्त मुद्देमालाची नोंद आणि शेवटी दोषारोपपत्र. या साखळीतील एक कडी निखळली की मोठ्यातला मोठा गुन्हेगार हसत हसत न्यायालयाबाहेर पडतो. म्हणून ज्याला पोलीस आपलासा करायचा असतो, तो त्याला गोळी झाडायला क्वचितच सांगतो. बहुधा तो एवढेच सांगतो, की ही नोंद उद्या करा, हे कलम लावू नका, या साक्षीदाराचा जबाब राहू द्या. पोलिसाचा अधःपात होतो तो असा, शाईच्या एका थेंबाने.

आता काळ बदलतो आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि झडती व जप्तीच्या वेळी ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक झाले. म्हणजे खरा कॅमेरा आता तपास करणाऱ्या पोलिसाच्या हाती आला आहे, आणि तो पुराव्यासाठी आहे. चित्रपटाने ज्या यंत्राचे खेळणे केले, त्याच यंत्रावर उद्या एखाद्या विधवेला न्याय मिळणे अवलंबून असेल.

बाकीच्या व्यथांचे काय? सणावाराला घरी न येणारा बाप, ऐन वेळी रद्द झालेली रजा, वसाहतीतील गळके छप्पर, मोर्च्यांपासून निवडणुकांपर्यंत न संपणारा बंदोबस्त. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका साध्या शिपायाची होती आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. एका शिपायाने आपल्या सहकाऱ्यांचे कष्ट मोजून काढलेला तोडगा आणि तो ऐकून घेणारा आयुक्त, यात एका उत्तम चित्रपटाचे बीज नाही काय? पण त्यात पिस्तूल नाही. म्हणून तो कोणी काढणार नाही.

वेलणकरने दिलेले उत्तर

आपल्याकडे हा विषय कोणीच नीट हाताळला नाही, असे मात्र नाही. १९८३ साली गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ केला. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. अनंत वेलणकर या उपनिरीक्षकाच्या भूमिकेसाठी ओम पुरी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर हे आमच्या शेजारच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. तेंडुलकरांच्या साऱ्याच विचारांशी सहमत होण्याचे कारण नाही. पण या पटकथेतील सचोटी मान्य केलीच पाहिजे.

वेलणकरचे दुःख कुठून आले, हे तो चित्रपट सांगतो. ते आले पोलिसात असलेल्या हडेलहप्पी बापाकडून, बापाने आईवर उचललेल्या हाताकडून, मनाविरुद्ध चढवलेल्या वर्दीकडून आणि प्रामाणिकपणे पकडलेला माणूस वरच्या एका शब्दाने सुटताना पाहण्याच्या अपमानातून. हा साचलेला संताप शेवटी कोणावर निघतो? कोठडीतल्या एका किरकोळ संशयितावर. तो मरतो. आणि मग वेलणकरला वाचवण्यासाठी ज्याच्या दारी जावे लागते तो असतो रामा शेट्टी, ज्याला पकडण्याचे स्वप्न त्याने पाहिले होते. शेट्टी मदत करायला तयार आहे. अट एकच, आमचा माणूस हो.

वेलणकर त्याचा माणूस होत नाही. तो शेट्टीचा गळा आवळतो आणि स्वतः ठाण्यात जाऊन हजर होतो. शेट्टीची हत्या हाही कायद्याचा भंगच आहे आणि चित्रपट त्याचे उदात्तीकरण करीत नाही. टाळ्या वाजवाव्यात असा तो शेवट नाही. एक चांगला अधिकारी व्यवस्थेने कसा गमावला, याची ती शोककथा आहे. ‘अर्धसत्य’ संपल्यावर प्रेक्षक अस्वस्थ होऊन उठतो. ‘डिपार्टमेंट’ संपल्यावर तो फक्त थकून उठतो. दोन्हींत पोलीस कायदा मोडतात. पण पहिल्यात कायदा मोडल्याची किंमत चुकवावी लागते, दुसऱ्यात कायदा होता याचीच कोणाला आठवण नसते.

मस्साजोगनंतर

हे सारे पडद्यावरचे आहे, असे म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते. पण आमच्या जिल्ह्याने ती मुभा ठेवलेली नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची अमानुष हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेली खंडणी आणि तिला झालेला विरोध ही या हत्येची पार्श्वभूमी असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपींचा दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहिले पाहिजे. पण त्या दिवसांत पोलिसांविषयी जे प्रश्न उभे राहिले, ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक बदलले, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. जिल्ह्यात शस्त्रांचे बाराशेहून अधिक परवाने दिले गेल्याचे त्याच सुमारास चर्चेत आले, तेव्हा मराठवाड्यातला सामान्य माणूस अवाक झाला.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये बीडमध्ये काम केलेल्या एका निलंबित उपनिरीक्षकाने समाजमाध्यमांवर चित्रफिती टाकून, या प्रकरणातील एका आरोपीची चकमक घडवण्यासाठी आपल्याला पैसे देऊ केले गेले होते, असा दावा केला. त्या दाव्याची शहानिशा करणे हा या लेखाचा विषय नाही. पण वर्दी चढवलेला माणूस स्वतःची कथा चित्रपटाच्या भाषेत सांगू लागतो आणि घराघरांत ती चवीने पाहिली जाते, हे चिन्ह चांगले नव्हे.

याच काळात जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली. तिची चर्चा तुलनेने कमी झाली. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ च्या आरंभी पोलिसांच्या नावफलकांवरून आडनाव काढून केवळ पहिले नाव ठेवण्याची पद्धत सुरू केली. सहकाऱ्यांनी एकमेकांना आडनावाने हाक मारू नये, असा त्यामागचा विचार. आडनाव वाचून जात ओळखायची आणि जात ओळखून हा आपला की त्यांचा हे ठरवायचे, या रोगावर केलेला हा उपाय होता.

काहींनी याची थट्टा केली. नावाची पट्टी बदलून मन बदलते काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल गैर नाही. परंतु थट्टा करण्यापूर्वी एका गोष्टीचे उत्तर द्यावे लागेल. फिर्याद द्यायला आलेली म्हातारी टेबलावरची पाटी वाचून ‘इथं आपलं कोण ऐकणार’ म्हणून परत फिरते, ही परिस्थिती कोणी निर्माण केली? पोलिसांनी एकट्यांनी केली काय? समरसतेच्या गोष्टी आपण व्यासपीठावर बोलतो. ठाण्याच्या दारात मात्र आपणही आडनाव शोधत असू, तर ती पाटी पोलिसाच्या टेबलावर नसून आपल्या मनात आहे, असे म्हणावे लागेल.

निग्रह म्हणजे संहार नव्हे

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. या दोन शब्दांचा क्रम आणि अर्थ दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिले स्थान सज्जनांच्या रक्षणाला आहे, दुसरे दुर्जनांच्या निग्रहाला. आपल्या चित्रपटांना ब्रीदाचा उत्तरार्धच ठाऊक आहे आणि तोही चुकीच्या अर्थाने. निग्रह म्हणजे आवर घालणे, जखडणे, वेसण घालणे. संहार वेगळा. ज्यांनी हे ब्रीद निवडले, त्यांनी शब्द तोलूनच निवडला असला पाहिजे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात दंडनीतीचे जे सूत्र सांगितले आहे, त्याचा आशय असा : दंड अतिकठोर झाला तर प्रजा भयभीत होते, फार मवाळ झाला तर राजाची अवहेलना होते, आणि यथायोग्य दंड देणारा राजाच पूज्य ठरतो. दंड मुळीच नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो. आपली परंपरा दंडाला घाबरणारी नाही. पण तो योग्य हातांनी, योग्य चौकशीनंतर आणि योग्य प्रमाणात असावा, हा तिचा आग्रह आहे. परस्पर गोळी घालून मोकळे होणे हे परकीय कायद्याच्या बंधनातून सुटलेले स्वदेशी शौर्य आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका भीषण अत्याचार प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले, तेव्हा पोलिसांवर पुष्पवृष्टी झाली. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये खुला झाला आणि गोळीबार मारण्याच्या हेतूनेच झाल्याचा निष्कर्ष त्यात होता. मेलेले खरोखर गुन्हेगार होते किंवा कसे, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून जाणारा संदेश घातक असल्याचे जाहीरपणे सांगितले, ते याच संदर्भात. न्यायदानाचा विलंब हे वास्तव आहे. पण विलंबावर उपाय न्यायालये वाढवणे आणि तपास सुधारणे हा आहे. न्यायालयच वगळणे हा नव्हे.

शौर्याचे उदाहरण हवे असेल तर आपल्याजवळ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या काळरात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे कसाबच्या बंदुकीसमोर उभे राहिले. हाती होती केवळ काठी. छातीवर गोळ्या झेलत त्यांनी बंदूक सोडली नाही आणि अतिरेकी जिवंत हाती लागला. तो जिवंत सापडला म्हणून कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत पोहोचल्याचे जगाला दाखवता आले. त्याच्यावर खटला चालला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. साताऱ्याच्या मातीतल्या या सामान्य पोलिसाने ‘निग्रह’ शब्दाचा अर्थ आपल्या रक्ताने लिहिला. मरणोत्तर अशोकचक्राने राष्ट्राने त्याला वंदन केले. ‘डिपार्टमेंट’ आणि कसाबची फाशी एकाच वर्षातली, हा योगायोग विचार करायला लावतो.

मुळावरचा उपाय

मग पोलीस कोणाचा माणूस असावा? उत्तर अवघड नाही. तो कायद्याचा असावा. अवघड आहे ते त्याला तसे राहू देणे.

आणीबाणीत पोलीस दल सत्ताधाऱ्यांच्या हातचे बाहुले झाले, तर काय होते, हे देशाने पाहिले. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो इतिहास ऐकीव नाही. वडील किंवा काका मिसाखाली कारागृहात होते, मध्यरात्री दारावर थाप पडली होती. त्या अनुभवातूनच १९७७ साली जनता राजवटीत राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि ते धूळ खात पडले. अखेर निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. ठाणे प्रमुखापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण, असे निर्देश न्यायालयाने दिले. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून यांतील काही गोष्टी कायद्यात आणल्या.

कायद्याच्या पुस्तकात आले म्हणजे ठाण्याच्या ओसरीवर आले, असे मात्र होत नाही. बदलीची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, तो अधिकारी ज्याच्या हाती तिची दोरी आहे त्याचाच माणूस होतो. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ही दोरी सोडण्याची इच्छा कोणालाही सहजासहजी होत नाही. आपल्या विचारांचे सरकार असले तरी हे त्याला आठवण करून देणे आपले कर्तव्य आहे. किंबहुना आपले असले तर ते अधिकच आहे.

आणि राहिलो आपण. मुलाची दुचाकी पकडली की आपण कोणाला दूरध्वनी करतो? भावकीच्या बांधाचा वाद ठाण्यात गेला की कोणाची चिठ्ठी शोधतो? चौकात चांगला अधिकारी उभा राहिला आणि त्याने आपल्याच ओळखीच्या माणसाला पावती फाडली, की त्याला ‘खडूस’ म्हणणारे आपणच असतो. पुढाऱ्याने पोलिसाला ताब्यात ठेवले, ही तक्रार खरी आहे. पण आपल्याला तो पुढारी हवा असतो तो याच कामासाठी, हेही तितकेच खरे आहे. सज्जनशक्ती संघटित झाली पाहिजे असे आपण म्हणतो. त्या संघटित शक्तीचे पहिले काम एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याच्या अकाली बदलीविरुद्ध सनदशीर मार्गाने उभे राहणे हे का असू नये?

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीत ‘पोलीस ॲक्शन’ हे शब्द उच्चारले की चेहरे उजळत. सप्टेंबर १९४८ मधील त्या कारवाईने निजामाची राजवट आणि रझाकारांचा जुलूम संपला आणि बीड, परभणी, उस्मानाबाद, नांदेड, औरंगाबाद हे जिल्हे स्वतंत्र भारतात आले. प्रत्यक्षात ते काम सैन्याचे होते, पण नाव पोलिसांचे पडले. ज्या प्रदेशात ‘पोलीस’ हा शब्द मुक्तीशी जोडला गेला होता, तिथे आज त्या शब्दाबरोबर ‘कोणाचा?’ हा प्रश्न यावा, याची खंत आपल्याला वाटली पाहिजे.

त्या दिवशी निघताना जमादारांच्या नातवाला विचारले, “बाळा, भरती झालास तर कसा पोलीस होणार?” त्याने आधी पडद्याकडे पाहिले, मग आजोबांकडे. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो तेव्हा अंधारात धावणाऱ्या मुलांच्या पावलांचे आवाज येत होते. ऊसतोड कामगारांची मुले, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले, एकाच रस्त्यावर, एकाच दमाने धावत होती. अंधारात कोणाचे आडनाव दिसत नव्हते. त्यांच्यातले काही जण उद्या वर्दी चढवतील. ती चढवल्यावर ‘तू कोणाचा माणूस?’ हा प्रश्न त्यांना पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारील. तो विचारणारे आपण नसू, एवढे तरी आपण ठरवू शकतो.